मी सांगितलं होतं

"पाय उचल," आजी म्हणाली.

मी अंगणात अनवाणी उभी. माझी चप्पल गेटाबाहेर, रोजच्या जागी. आजी म्हणजे सईची आजी. सई म्हणजे पाच महिन्यांचं लेकरू, मी सांभाळत होते ते. आजीच्या हातात पेपरचा तुकडा होता. मला वाटलं, माझ्या पायाखाली काही आलंय.

"डावा. डावा उचल."

उचलला.

"आता तिथली माती घे. तूच घे. आणि ह्याच्यावर टाक."

तेव्हा कळलं. सगळ्या अंगणात फरशी होती. माती फक्त पेरूच्या झाडाखाली. म्हणून मला झाडाखाली उभं केलं होतं.

आमच्या पुसेगावातही दृष्ट काढतात. ज्याची नजर लागली असा संशय असतो, त्याच्या पायाखालची माती घेतात. पण माणूस निघून गेल्यावर घेतात, गुपचूप. तेवढी लाज ठेवतात. इथं मला वाकायला लावलं. माझ्याच पायाखालची माती मी माझ्याच बोटांनी गोळा केली आणि पेपरावर टाकली. आजीनं पेपर लांबून धरला होता. बोटाला बोट लागू दिलं नाही.

सईला तिच्या आईनं मांडीवर घेतलं होतं. जुन्या तव्यात गोवरीचा विस्तव केला होता. आजीनं मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या आणि ती माती सईवरून ओवाळली अन् विस्तवावर टाकली. मोहरी तडतडली. एवढ्या जोरात, की सईची आई दचकली. सईच्या कानापासून तवा हातभर लांब होता. सईनं मान वळवली नाही. मग धूर वर आला, तो तिला दिसला, आणि ती धुराकडं बघून हसली.

मी ते पाहिलं. सईच्या आईनंही पाहिलं. आमची नजरानजर झाली. तिनं मान खाली घातली.

"मिरच्यांचा ठसका आला नाही," आजी म्हणाली. "बघा, किती जबर नजर आहे हिची."

आदल्या दिवशी मी एकच गोष्ट बोलले होते. सईला ऐकू येत नाही, असं.

मला हे काम कसं लागलं ते सांगते.

माझा नवरा हिंगोलीच्या मोंढ्यात हमाल. हळदीची पोती वाहायचा. संध्याकाळी घरी यायचा तो पिवळा होऊन. कपडे कितीही धुतले तरी पाणी पिवळंच निघायचं. एक दिवस पाठीवर पोतं असताना पाय घसरला. मणका दबला. तेव्हापासून तो खाटेवर आहे. पोरगी तिसरीत. मी नववी शिकलेली, गावात निंदणी-खुरपणी केलेली. शहरात कुणाच्या शेतात जाऊ?

आधी धुण्याभांड्याची कामं विचारली. पाच-सहा घरी गेले. सगळीकडं आधी नाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की म्हणायचे, "बरं, कळवतो." कुणी कळवलं नाही. मला काहून नाही म्हणून राहिले ते मला कळत होतं. त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नाही, मी कधी विचारलं नाही.

मग आमच्या गल्लीतली एक बाई, जी दवाखान्यात झाडू मारते, ती म्हणाली की बँकेतल्या एका मॅडमला लेकरू सांभाळायला बाई पाहिजे. सुट्टी संपत आली होती मॅडमची, आणि बाई मिळत नव्हती. मी गेले.

आजीनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आजीनं सुनेकडं पाहिलं. मॅडम म्हणाली, "आई, सोमवारी मला जॉईन व्हायचंय." आजीनं सुस्कारा टाकला. म्हणाली, "हात दाखव." मी हात पुढं केले. तिनं नखं पाहिली. "वळ." वळले. तिनं वाकून माझ्या केसांचा वास घेतला. बाजारात खरबुजाचा घेतात तसा.

मग नियम सांगितले. मागच्या दारानं यायचं. कोपरापर्यंत हात धुवायचे. अंगावरची साडी बदलून त्यांनी दिलेला गाऊन घालायचा. चहाचा कप खिडकीत राहील, आपला आपण विसळायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आजी दुधाची बाटली उंबऱ्यावर ठेवणार, मी उचलणार.

म्हणजे चुलीला माझा हात चालत नव्हता. लेकराला चालत होता.

खरं सांगते, मला तेव्हा राग आला नाही. काम मिळालं म्हणून आनंद झाला. घरी जाताना मी पोरीसाठी केळी घेतली.

सई तेव्हा तीन महिन्यांची. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावर झोपली. शांत लेकरू होतं. आजी सगळ्यांना सांगायची, "आमची सई इतकी शहाणी, मिक्सर लावा, कुकर लावा, झोप मोडत नाही तिची."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हाच मी पाळण्यात वाकून सईकडं नीट पाहिलं.

मला एक भाऊ आहे. गजू. माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. गजूही असाच शांत होता. अंगणात बैल हंबरला तरी झोपायचा. माय कौतुक करायची. मग तो चालायला लागला, आणि बाप हाक मारायचा तर वळायचा नाही. बापानं त्याला मारलं. ऐकत नाही म्हणून मारलं. रोज मारलं. बापाचा हात डोकं खाजवायला जरी वर गेला, तरी गजू डोळे घट्ट मिटायचा. पाच वर्षांचा झाला, शाळेत घातलं, तेव्हा गुरुजींनी बापाला बोलावून सांगितलं, "अहो, ह्याला ऐकूच येत नाही."

बाप त्या दिवशी गोठ्यात जाऊन बसला. संध्याकाळी जेवला नाही. पण पाच वर्षं काही परत आली नाहीत. गजूला बोलणं आलं नाही. आम्ही दोघं हातानं बोलतो. आमचे आमचे हातवारे. कपाळावर टिकली लावल्यासारखं बोट ठेवलं की 'ताई'. आज तो वारंगा फाट्यावर टायर पंक्चरच्या दुकानात काम करतो.

म्हणून मला सईचा शांतपणा ओळखू आला.

तरी मी मनाला समजावत राहिले. दिवाळी आली. गल्लीत पोरांनी फटाक्यांची लड लावली. शेजारचं तान्हं किंचाळून उठलं. सई माझ्यासमोर पाळण्यात झोपलेली. तिची मूठ उघडी होती, ती तशीच उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी आजी देवळात गेल्यावर मी सईला गादीवर पंख्याकडं तोंड करून ठेवलं. तिच्या डोक्यामागं गेले. स्टीलच्या ताटावर पळी हाणली. काही नाही. टाळ्या वाजवल्या. काही नाही. मग ओरडले, "सई! ए सई!" ती पंख्याकडं बघून हात हलवत राहिली. मी पुढं येऊन तिच्यावर वाकले, तेव्हा मी दिसले आणि ती अंगभर हसली.

मी तिथंच खाली बसले.

आठ दिवस बोलले नाही. भीती वाटत होती. मग वाटलं, गजूची पाच वर्षं गेली, हिची काहून जाऊ द्यायची? ह्यांच्याकडं गाडी आहे, नांदेडचे डॉक्टर आहेत, सगळं आहे. फक्त कळायला पाहिजे.

संध्याकाळी मॅडम बँकेतून आली. खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती.

"मॅडम, एक बोलायचं व्हतं. रागावू नका."

"सुट्टी पाहिजे का?"

"न्हाई. सईला... ऐकू येत न्हाई वाटतं मला. माझा भाऊ तसाच हाय. एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवा."

मॅडमनं पर्स खुर्चीवर ठेवली. मग म्हणाली, "तुझा भाऊ तसा आहे म्हणून माझी मुलगी तशी?"

आतून साहेब आले, सईचे वडील. म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?"

मी म्हटलं, "न्हाई साहेब."

"मग तुझं काम कर."

आजी उंबऱ्यात उभी होती. ती मला काहीच बोलली नाही. सुनेला म्हणाली, "तरी मी म्हणत होते, असल्यांना घरात घेऊ नको. तोंडातून असलंच निघणार."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेरूचं झाड.

मला वाटलं, आता काढून टाकतील. पण सई दुसऱ्या कुणाच्या हातून दूध पीत नव्हती. आजीचे गुडघे धरलेले. मॅडमची सुट्टी संपलेली. त्यांनी मला ठेवलं. पण ठेवायच्या आधी आजीनं सईला माझ्यासमोर आणलं.

"मुलीची जात आहे," आजी म्हणाली. "उद्या हिचं लग्न करायचंय आम्हाला. गल्लीत एक शब्द गेला तर बघ. हिच्या डोक्यावर हात ठेव. म्हण, परत हे तोंडातून काढणार नाही."

लग्न. पाच महिन्यांचं लेकरू.

मी हात ठेवला. तिची टाळू अजून भरली नव्हती. तळहाताखाली धकधक धकधक करत होती.

"परत न्हाई काढणार," मी म्हटलं.

मी ते काम तेव्हाच सोडायला पाहिजे होतं. नंतर मी स्वतःला सांगत राहिले की सईसाठी थांबले. ते पूर्ण खरं नाही. मी पोटासाठी थांबले. नवरा खाटेवर होता, औषधं चालू होती. माझी जीभ मी त्या घरात ठेवली आणि त्याच्या बदल्यात पगार घेतला.

दहा महिने.

ह्या दहा महिन्यांत मी काय केलं? समोरून गेल्याशिवाय सईला कधी उचललं नाही, म्हणजे ती घाबरत नव्हती. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून गाणं म्हणायचे. ती गळ्याची थरथर धरून बसायची. आणि गजूचे हात तिला शिकवले. मूठ उघडझाप, म्हणजे दूध. दोन्ही तळवे गालाखाली, म्हणजे झोप. नवव्या महिन्यात तिनं माझ्याकडं बघून मूठ उघडझाप केली. दूध मागितलं! मी इतकी खुश झाले की मॅडमला बोलावून दाखवलं.

मॅडमनं सईची मूठ धरून खाली केली. "हे माकडचाळे शिकवू नकोस," म्हणाली. आवाज चढवला नाही. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला तेव्हा पक्कं कळलं की तिला माहीत आहे. धूर निघाला त्या दिवसापासून माहीत आहे. पण त्या घरात तिलाही बोलायची सोय नव्हती. फरक एवढाच की तिची मुलगी होती ती. तिनं बोलायला पाहिजे होतं.

सईचा पहिला वाढदिवस झाला. पाव्हणे म्हणायला लागले, "अजून 'मम्मा' म्हणत नाही का?" आजी म्हणायची, "आमच्या घरात सगळे उशिरा बोलतात." पंधराव्या महिन्यात साहेबांच्या बहिणीनं सगळ्यांसमोर सईच्या मागं टाळी वाजवली. पाव्हण्यांसमोर झालं, म्हणून मग झाकता आलं नाही. चार दिवसांनी आम्ही नांदेडला.

'आम्ही' म्हणजे साहेब, मॅडम, आजी, सई आणि तिला धरायला मी.

डॉक्टर बाई होती. सईला औषध देऊन झोपवलं, कानाला वायरी लावल्या. लई वेळ लागला. मग सगळ्यांना आत बोलावलं. मी भिंतीला टेकून उभी, झोपलेली सई माझ्या खांद्यावर.

डॉक्टरनं कागद पाहिले. दोन्ही कान, म्हणाली. जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आता मशीन बसवू, मग ऑपरेशनचं बघू. मग म्हणाली, "सहाव्या महिन्याच्या आत आणलं असतं तर बोलायला सोपं गेलं असतं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आजीनं पदर सारखा केला.

मग साहेब म्हणाले, "आम्ही दोघं नोकरीला. दिवसभर ह्या बाईजवळच असते ती. तिनं कधी सांगितलंच नाही."

आजी म्हणाली, "अडाणी आहे हो. तिला काय कळतंय."

डॉक्टरनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "काय हो बाई? तुम्हाला कधी जाणवलं नाही? एवढं लेकरू सांभाळता?"

मी मॅडमकडं पाहिलं. ती बोलेल असं वाटलं. खरंच वाटलं. ती फाइलची दोरी बोटाला गुंडाळत होती.

माझ्या मानेला सईचा श्वास लागत होता. मला माझ्या बापाचा हात दिसला. वर गेलेला. आणि गजूचे मिटलेले डोळे. मी ह्यांच्या घरचं सगळं गिळलं होतं. वास घेतला, गिळलं. कप खिडकीत, गिळलं. माती उचलली, गिळलं. पण हे लेकरू बहिरं राहिलं ते माझ्यामुळं, हेही मीच गिळू?

"मी सांगितलं व्हतं," मी म्हटलं.

"गप्प बस," साहेब म्हणाले.

"न्हाई बसत. पाचव्या महिन्यात सांगितलं व्हतं. ह्या मॅडमला सांगितलं. साहेबाला सांगितलं. कानाच्या डॉक्टरला दाखवा म्हटलं. तवा ह्यांनी माझी नजर लागली म्हणून माझ्या पायाखालची माती जाळली. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून मला गप्प केलं. विचारा मॅडमला."

माझा आवाज किती मोठा होता, मला माहीत नाही. दारात कंपाउंडर येऊन उभा राहिला होता.

मला वाटलं, डॉक्टर आता त्यांना काहीतरी बोलेल. तिनं पेन उचललं. म्हणाली, "हे तुमचं घरचं भांडण इथं नको. बाई, लेकरू आईकडं द्या आणि तुम्ही बाहेर थांबा."

एवढंच झालं. मी सईला मॅडमच्या मांडीवर दिलं आणि बाहेर आले.

अर्ध्या तासानं ते आले. साहेबांनी गाडीची डिकी उघडली, माझी पिशवी काढून दवाखान्याच्या पायरीवर ठेवली. "येशील तू बसनं," म्हणाले. "आणि उद्यापासून येऊ नको." आजी आधीच जाऊन बसली होती. मॅडम माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, "इथं बोलायची काय गरज होती?"

मी म्हटलं, "तुमी बोलल्या असत्या तर मला गरज नसती पडली."

ती गाडीत बसली. तेवढ्यात सई जागी झाली. काचेतून तिनं मला पाहिलं. दोन्ही हात काचेवर ठेवले. मग मूठ उघडझाप करायला लागली. दूध. दूध. आईकडं नाही, माझ्याकडं बघून. तिचं तोंड रडून उघडं, पण काच बंद असल्यामुळं मला आवाज येत नव्हता. आजीनं तिचं डोकं दुसरीकडं वळवलं. गाडी निघाली.

मी हाक मारली. "सई!" सवयीनं मारली.

नांदेडच्या त्या रस्त्यावर मी मोठमोठ्यानं हाका मारत होते, आणि जिच्यासाठी मारत होते तिला एकही ऐकू जात नव्हती.

बसनं निघाले. घरापर्यंत जायची ताकद नव्हती, वारंगा फाट्याला उतरले. गजू ट्रकचं चाक खोलत होता. मला पाहिलं, कपाळाला बोट लावलं, हात पुसले. आम्ही टायरांच्या ढिगावर बसलो. मी हातानं सगळं सांगितलं. त्याला सईबद्दल थोडं माहीत होतं. मला वाटलं, तो माझ्या पाठीवरून हात फिरवील.

त्यानं विचारलं, किती महिने गप्प होतीस?

मी बोटं दाखवली. दहा.

त्याचं तोंड लाल झालं. मी शपथेचं सांगायला गेले. आमच्यात शपथेला हातवाराच नाही. मी डोक्यावर हात ठेवून दाखवला, त्याला कळलं नाही. सरकारी दवाखाना हिंगोलीतच आहे, तो हातानं म्हणाला. आजी देवळात जायची तेव्हा उचलून न्यायचं होतं. साहेबाच्या बहिणीला सांगायचं होतं. गल्लीत ओरडायचं होतं. मग त्यानं आपल्या दोन्ही कानांना बोट लावलं, आणि तेच बोट माझ्या तोंडावर ठेवलं. जोरात. ओठ दाताला लागला.

मी रडले नाही. त्यानं खरं तेच सांगितलं होतं. त्यांनी मला चूप केलं, हे खरं. मी चूप झाले, हेही खरं. त्यांचा गुन्हा ते उचलणार नाहीत. माझ्या वाट्याचा मी उचलते.

त्या घरानं माझं नाव पसरवलं. नजरेची बाई. उलट बोलणारी बाई. आता आडनाव सांगायच्या आधीच दारं बंद होतात. सईची काही खबर नाही. मशीन बसलं की नाही, कुणी तिचा हात गळ्यावर ठेवतं की नाही, मला माहीत नाही. कळायचा रस्ताही नाही.

मागच्या आठवड्यात एका घरी गेले. नवरा-बायको दोघं मास्तर. दोन महिन्यांचं पोरगं. बाईनं मला पायऱ्यांवरच उभं केलं.

"तुझ्याबद्दल ऐकलंय मी," ती म्हणाली. "तू घरातलं बाहेर बोलतेस."

"घरातलं न्हाई बोलत," मी म्हटलं. "लेकराचं बोलते. लेकराला काही दुखलं, काही कमी दिसलं, तर आधी तुमाला सांगीन. तुमी ऐकलं न्हाई तर परत सांगीन. तरी न्हाई ऐकलं, तर लेकरू उचलून सरकारी दवाखान्यात नेईन. तुमाला विचारणार न्हाई. मागच्या दारानं येणार न्हाई. आन् आडनाव विचारायचं असलं तर आताच विचारा, दोनदा सांगणार न्हाई."

आतून पोरगं रडलं. माझे हात आपोआप पुढं झाले, ते मी मागं घेतले.

"अशी बाई आम्हाला नको," ती म्हणाली आणि दार लावलं.

मी पायऱ्या उतरले. पुढच्या गल्लीत एका घरी जुळी झालीत, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी तिकडं वळले. तिथंही हेच सांगणार होते.